बाहेरची यादी

मार्लिस टेश आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराची सव्वीस वर्षं मुख्य होती आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात. आमच्यामध्ये एक भिंत आणि भिंतीला एक खिडकी. गुरुवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल असले की बुधवारी दुपारीच ती खिडकीतून डोकं काढायची. "उद्या किती मुलं येतील गं? फ्लूची साथ आहे ना? कमी येतील का? की साथ ओसरली म्हणून सगळीच येतील?" दीडशे मुलांच्या शाळेत तिच्या हातून जेवण कधी कमी पडलं नाही, तरी तिची धाकधूक कधी गेली नाही. शाळेची बस चालवणारी बर्नीता स्काला म्हणायची, "मार्लिसला स्वर्गात पाठवलं तरी ती दारातच विचारेल, इथे आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली?"

अशा बाईने दर वर्षी जुलैमध्ये कुटुंबाला घेऊन घरगाडीतून सहलीला जावं, याचं गावाला नवल वाटायचं. पण एकोणीस वर्षं ती गेली. एकतीस फूट लांब, बसएवढी थोराड गाडी. आत चूल, फ्रीज, संडास, सहा जणांची झोपायची सोय. तिचा नवरा व्हर्लिन त्या गाडीला 'म्हातारी' म्हणायचा. गॅरेजशेजारी पत्र्याच्या उंच छपराखाली ती उभी असे, आणि नेब्रास्कातला आमचा लांबलचक हिवाळा सरला की टेशांच्या घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नसे.

व्हर्लिन गावच्या धान्य सोसायटीत चौतीस वर्षं होता. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. त्यांना एकच मुलगी, डेनिस. ती ओमाहाला नर्स. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर दोन मुलींना एकटीने वाढवत होती. टेगन अकरा वर्षांची, ब्रिन आठ. डेनिसला रजा मिळायची मारामार, म्हणून गेली चार वर्षं मुली आजी-आजोबांबरोबरच सहलीला जात. आई ओमाहाला निर्धास्त असे.

गाडीची कामं नवरा-बायकोने वाटून घेतली होती. गाडीच्या आतलं सगळं मार्लिसचं, बाहेरचं सगळं व्हर्लिनचं. आतल्या कामांची मार्लिसकडे एक वही होती, तिच्यात ब्याण्णव गोष्टी. उंदीर येऊ नयेत म्हणून कपाटात काय ठेवायचं, हॅमचे गोळे किती दिवस आधी गोठवायचे, ब्रिनचं तापाचं औषध कुठल्या खणात, वळणावर ताटं वाजू नयेत म्हणून मध्ये कुठले टॉवेल घालायचे. बाहेरची यादी अशी नव्हतीच. चाकं, गॅस, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, बॅटऱ्या, जॅक, रस्ता: हे सगळं व्हर्लिनच्या डोक्यात. मार्लिसने त्यात कधी लक्ष घातलं नाही. "जगात एवढी एक तरी गोष्ट असू दे जिची काळजी मला नाही," असं ती मला एकदा म्हणाली होती.

एप्रिलमधली गोष्ट. हिवाळ्यात पाईप फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी औषध भरून ठेवतात. थंडी सरली की ते धुऊन काढायचं. त्या शनिवारी व्हर्लिन बाहेर खटपट करत होता आणि मार्लिस आतली कपाटं पुसत होती. पाणी नीट येतंय का बघावं म्हणून ती खाली उतरली आणि तिने बाजूचा कप्पा उघडला. आत पांढरी नळी आणि तपकिरी नळी एकमेकींत वेटोळी घालून पडल्या होत्या.

पांढरी नळी पिण्याच्या पाण्याची, तपकिरी संडासाच्या टाकीची. या दोन नळ्या एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत, एका हाताने धरायच्या नाहीत, हे व्हर्लिनने एकोणीस वर्षं सगळ्यांना बजावलं होतं. एकदा जावयाने चुकून तपकिरी नळी पांढरीच्या कप्प्यात टाकली, तर या कमी बोलणाऱ्या माणसाने घरगाड्यांच्या तळावर सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली होती.

मार्लिसने हळूच हाक मारली. "व्हर्लिन, या नळ्या इथे कुणी ठेवल्या?"

तो आला, वाकून बघितलं. "कुठल्या?"

"या. दोन्ही एकत्र आहेत."

"मग?" तो म्हणाला. "नळ्याच आहेत ना?"

तो जेवायला आत गेल्यावर तिने पांढरी नळी कचऱ्यात टाकली, हात तीन वेळा धुतले आणि गावात जाऊन नवी नळी आणली. मला हे तिने दोन महिन्यांनी सांगितलं. सांगतानाही नकळत हात एप्रनला पुसत होती.

त्यानंतर तिने त्याच्यावर पाळत ठेवायला सुरुवात केली. तिलाच त्याची लाज वाटायची. तो बाहेर गेला की ती मागून जाऊन गॅसचा कॉक बघायची. तो किती वेळ गॅरेजमध्ये उभा राहतो ते ओट्यापाशी उभी राहून मोजायची. नेहमीप्रमाणे त्याने रस्त्याचा कागद स्वतःच्या हाताने लिहून टेबलावर ठेवला. कुठून वळायचं, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे. या वर्षी जायचं होतं उत्तरेला, ब्लॅक हिल्सच्या डोंगरात. कागदावर रस्ता होता पश्चिमेला, कोलोरॅडोचा. बारा वर्षांपूर्वी ते तिथे गेले होते. अक्षर सुबक, मैल बिनचूक. फक्त सहल दुसरीच.

मे महिन्यात ती त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तुझं ब्लडप्रेशर दाखवू या, असं सांगून. डॉक्टरांनी त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. मग रक्त, मग डोक्याचा फोटो. स्मरणशक्तीचा आजार सुरू झालाय, असं ते शेवटी म्हणाले. गावातल्या ओळखीच्या रस्त्यावर लहान गाडी सध्या चालवू दे, पण ती घरगाडी नको, परके रस्ते नकोत.

परत येताना साठ मैल व्हर्लिन खिडकीतून मक्याची शेतं बघत होता. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "पश्चिमेला आभाळ बघ. गारा पडतील."

"व्हर्लिन, डॉक्टर काय म्हणाले ते..."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालेलो अजून." थोड्या वेळाने म्हणाला, "डेनिसला सांगू नकोस. सहल होऊन जाऊ दे. मग सांगू."

इथून मार्लिसच्या काळजीला खरं कारण मिळालं. आजवरची तिची काळजी म्हणजे हाताचा चाळा असावा तशी होती. आताची छातीवर बसायची. सहल रद्द करावी, तर व्हर्लिनला त्या क्षणापासून म्हातारा ठरवल्यासारखं. करू नये, तर गाडी चालवणार कोण? आणि मुली? डेनिस तिच्या पोटच्या दोन पोरी त्या गाडीत बसवून निर्धास्त झोपणार, आणि तिला माहीतच नाही. "मी लेकीला फसवतेय असं नाही वाटत," मार्लिस मला म्हणाली, "मी एका आईला फसवतेय असं वाटतं."

मी म्हटलं, "तू का नाही चालवत?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला विमान चालवायला सांगितलं. मग खिडकीतून मागे वळून बघितलं. तिथे बर्नीता फुकटची कॉफी पीत उभी होती आणि सगळं ऐकत होती.

"चौतीस वर्षं मी या गावातली कार्टी चाळीस फुटांच्या बसमधून नेतेय," बर्नीता म्हणाली. "गारठ्यात, बर्फात, आणि मागच्या बाकावर कुणीतरी ओकतंय. तुझ्या गाडीत निदान संडास तरी आहे. सोमवारी सकाळी माझ्याकडे ये."

बर्नीताच्या कुरणात एक जुनी शाळेची बस होती. शाळेने मोडीत काढल्यावर तिच्या नवऱ्याने लिलावात घेतलेली. बाकं काढून टाकली होती आणि मागच्या अर्ध्या भागात कोंबड्या राहत. इंजिन मात्र बर्नीताने जिवापाड जपलेलं. जूनमध्ये गवत कापून त्याचे मोठे गोल भारे कुरणात पडलेले असत. त्या भाऱ्यांमध्ये वाट ठरवून बर्नीताने मार्लिसला शिकवायला सुरुवात केली.

"हा भारा म्हणजे पेट्रोलपंप. हा म्हणजे शेजारच्याची नवी कोरी गाडी. आणि तो तिकडचा म्हणजे शेजारी स्वतः, खुर्ची टाकून बिअर पीत बसलाय. आता मागे घे."

पहिल्या दिवशी मार्लिसने शेजाऱ्याला दोनदा मारलं.

"काही हरकत नाही," बर्नीता म्हणाली, "त्याची बायको खूश झाली असेल. पुन्हा."

मार्लिसला घाम फुटायचा, मागे कोंबड्या कलकलाट करायच्या, आरशात पिसं उडताना दिसायची. वळताना पुढचं तोंड आधी पुढे न्यायचं आणि मगच फिरवायचं, नाहीतर मागची चाकं आत येतात. मागची शेपूट उलट्या बाजूला झुकते, तिकडेही बघायचं. डोळे बॉनेटवर नको, लांब ठेव. ती हे घरी जाताना पुटपुटत जायची. व्हर्लिनला सांगायची, शाळेच्या कोठाराची मोजदाद चालू आहे. केसांत गवताची काडी घेऊन ती रोज घरी जायची आणि तो काही विचारायचा नाही. त्याने विचारलं नाही याचीही तिला भीती वाटायची. पूर्वी विचारलं असतं त्याने.

तीन आठवड्यांत तिला बस मागे घेता यायला लागली. पण नवऱ्याला हे कसं सांगायचं, ते बर्नीतालाही शिकवता येईना.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात म्हातारीचं वजन करायचं असे. सामान भरलं की सोसायटीच्या धान्याच्या काट्यावर ती उभी करायची, कुठल्या चाकांवर किती भार आहे ते बघायचं. व्हर्लिन चावी घेऊन निघाला. मार्लिस दारात आडवी उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"लांब जाऊ नको म्हणाले. काटा काय चंद्रावर आहे? सहा चौक." तो हसला. "चौतीस वर्षं चालत गेलोय मी तिथे."

ती बाजूला झाली. त्या एका पावलाबद्दल तिने स्वतःला पुढे पुष्कळ दिवस दोष दिला. पण त्याच्या हसण्यापुढे तिला उभं राहता आलं नाही, इतकंच.

गव्हाची कापणी जोरात होती. सोसायटीकडे ट्रकांची रांग लागलेली. पाच चौक व्हर्लिनने गाडी झकास नेली. सहाव्या चौकात, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे, तो थांबला. थांबण्याची पाटी होती, म्हणून मार्लिसला आधी काही वाटलं नाही. मग वेळ गेला. मागे गव्हाचा एक ट्रक येऊन उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा.

समोर उजव्या हाताला सोसायटीचे धान्याचे पांढरे उंच मनोरे दिसत होते. सात मैलांवरून दिसतात ते.

"उजवीकडे," मार्लिस म्हणाली.

"माहीत आहे मला."

पण त्याने स्टिअरिंग फिरवलं नाही. दोन्ही हात त्याने चाकावर घट्ट धरले होते आणि तो समोर बघत होता, एखादी पाटी परक्या भाषेत लिहिलेली असावी तसा. मागच्या ट्रकने भोंगा दिला. लांबून आगगाडीची शिटी आली. गाडी रुळांपासून बरीच अलीकडे होती, धोका नव्हता, पण मार्लिसच्या कानांत तेवढी शिटीच भरून राहिली.

"व्हर्लिन. व्हर्लिन, ऊठ. जागा दे."

त्याने तिच्याकडे बघितलं. हँडब्रेक लावला आणि उठला. दोघं त्या अरुंद जागेतून एकमेकांना घासून इकडची तिकडे झाली. तो तिच्या खुर्चीवर बसला. आगगाडी धडधडत गेली, कोळशाचे एकशेतीस डबे, आणि तेवढ्या वेळात मार्लिसने आरसे आपल्या उंचीला लावून घेतले. मग तोंड पुढे नेलं, शेपटीकडे बघितलं आणि उजवीकडे वळून गाडी काट्यावर सरळ नेऊन उभी केली. काट्यावरचा माणूस खिडकीतून वाकून बघत राहिला.

"कुणी शिकवलं?" व्हर्लिनने विचारलं.

"बर्नीताने. तिच्या बसवर."

"कोंबड्यांच्या बसवर?"

"हो."

तो खाली उतरला आणि चालत घरी गेला. वाट चुकला नाही. ती गाडी घेऊन लांब अंतर ठेवून त्याच्या मागून हळूहळू गेली.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मार्लिस ओट्यापाशी उभी होती तर तो शाळेची एक कोरी वही घेऊन आला, टेबलावर आपटली आणि म्हणाला, "लिही."

"काय लिहू?"

"बाहेरचं. एक: चाकाखालचे ठोकळे. सगळे चार. तू निघशील आणि ते तसेच राहतील, मला माहीत आहे. लिही."

पुढचे दहा दिवस त्या घरात जे चाललं होतं ते मी जवळून बघितलं, कारण दुपारी मीही जाऊन बसायचे. तो सांगायचा, ती लिहायची. मग दोघं बाहेर जायची आणि ती त्याच्यासमोर एकेक काम करून दाखवायची. तो तिला सोडायचा नाही. "कॉक बंद केलास? कुठल्या बाजूला फिरवलास? दाखव. डोळे मिटून दाखव." पेट्रोल भरताना गॅस बंद. निघताना पायरी आत. आधी संडासाची टाकी सोडायची, मग धुण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे सांगताना त्याने दोन्ही नळ्या वेगवेगळ्या हातांत धरल्या आणि मार्लिसने मान फिरवून घेतली.

पण यादी काही धड होईना. सोमवारी एकेचाळीस गोष्टी झाल्या. मंगळवारी त्याने पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं तर अडतीस झाल्या, आणि त्यांतल्या दोन सोमवारी नव्हत्या. बुधवारी आणखी एक नवी निघाली: बॅटरीतलं पाणी. मार्लिसने तिन्ही दिवसांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, रंगीत पेन्सिलींनी खुणा केल्या. चव्वेचाळीस.

"हे सगळं आहे ना?" ती विचारायची.

"सगळं आहे."

"अजून काही राहिलंय का?"

"राहिलेलं आठवलं असतं तर राहिलं असतं का?" तो चिडायचा.

हीच तिची भीती होती. जे लिहिलंय ते ती करू शकत होती. जे त्याच्या डोक्यातून कायमचं निसटलं आणि वहीत आलंच नाही, ते कसं शोधणार? ती भांडी घासताना मध्येच थांबायची. "पंचेचाळिसावं काहीतरी आहे गं," मला म्हणायची. "आहेच. मला जाणवतंय."

आणि डेनिसला अजून सांगायचं होतं. व्हर्लिन नको म्हणत होता. एका रविवारी चर्चहून आल्यावर मार्लिसने फोन हातात घेतला आणि त्याच्यासमोरच लावला. तो उठून बाहेर गेला नाही, तेवढीच परवानगी.

तिने सगळं सांगितलं. नळ्या, डॉक्टर, रूळ.

"तुला कधीपासून माहीत आहे, आई?"

"एप्रिल."

"आज जुलै आहे. मी नर्स आहे, आई. तू मला सांगितलं नाहीस! आणि माझ्या मुली त्या गाडीत बसणार होत्या?"

"गाडी मी चालवणार आहे."

"तू?" डेनिस म्हणाली. "तू तर पावसात बाजारात गाडी नेत नाहीस."

तिने फोन ठेवला. मुली येणार नाहीत, असा संध्याकाळी निरोप आला. मार्लिसने तो वाचला आणि फ्रीजमधून हॅमचे गोळे बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले, पुन्हा काढले. व्हर्लिन म्हणाला, "बरोबर आहे तिचं. मीही असंच केलं असतं."

चार दिवसांनी डेनिसची गाडी अंगणात येऊन उभी राहिली. मुली मागे बसलेल्या. डेनिस उतरली, बापाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. मग आईकडे वळली. "एक आठवड्याची रजा टाकलीय. मीही येतेय. पण आधी मला चालवून दाखव."

जत्रेच्या मैदानावर डेनिस हाताची घडी घालून उभी राहिली. मी आणि बर्नीताही गेलो होतो. मार्लिसने गाडी फिरवली, वळवली, दोन पिंपांच्या मधून मागे घेतली. एका पिंपाला जरासा धक्का लागला. बर्नीता ओरडली, "शेजारी अजून जिवंत आहे!" डेनिसला त्यातलं काही कळलं नाही, पण तिची हाताची घडी सुटली.

निघायच्या दिवशी मार्लिस पहाटे चारला उठली. चव्वेचाळीस गोष्टी दोनदा केल्या. सकाळी नऊला आम्ही हात हलवून निरोप दिला तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता आणि ती आमच्याकडे बघतही नव्हती. डोळे लांब, रस्त्यावर.

पुढचं मला डेनिसने आणि तिने, दोघींनी सांगितलं. आमच्याकडच्या गवताळ टेकड्यांमधून जाणारा रस्ता सरळ आहे, पण बाजूचा वारा वाईट. एवढ्या उंच गाडीला तो रस्त्यावरून ढकलतो. मार्लिस ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर जाईना. मागे गाड्यांची रांग लागली. व्हर्लिन शेजारच्या खुर्चीवर बसला होता. मुली मागे पत्ते खेळत होत्या. डेनिस म्हणाली, "मी जन्मात एवढी प्रार्थना केली नव्हती. आणि आई म्हणते, बोलू नकोस, मी मोजतेय. काय मोजत होती देव जाणे."

दीडशे मैलांवर एका छोट्या पेट्रोलपंपावर थांबले. मार्लिसने वही काढली. गॅस बंद. पायरी बाहेर. एकेक खूण करत होती. तेवढ्यात व्हर्लिन उतरला. तो गाडीभोवती चालायला लागला. प्रत्येक चाकापाशी थांबायचा, वाकायचा आणि तळहात रबरावर टेकवायचा. गाय चाचपावी तसा. पुढचं डावं, मागचं डावं. मग वळसा घालून मागच्या उजव्या चाकापाशी आला आणि हात ठेवला तसा झटकन काढला.

"मार्लिस. इकडे हात लाव."

तिने लावला. भाजला. तव्यासारखं तापलेलं चाक.

"आतलं गेलंय," व्हर्लिन म्हणाला. मागे दोन दोन चाकं जोडीने असतात. आतल्यातली हवा गेली की सगळा भार बाहेरच्यावर येतो. त्याने काठी घेऊन आतलं चाक ठोकलं. मऊ, भद्द आवाज आला. "अजून वीस-तीस मैलांत बाहेरचं फुटलं असतं. या वाऱ्यात."

डेनिस तिथेच पंपाच्या कठड्यावर बसली. मार्लिस वही घेऊन उभी होती.

"हे तू सांगितलंच नाहीस मला," ती म्हणाली. "एवढे दहा दिवस."

"काय?"

"हात लावायचं. प्रत्येक थांब्यावर."

व्हर्लिनने आपल्या तळहाताकडे बघितलं. त्याला खरंच कळत नव्हतं ती काय म्हणतेय. "हे मी करतो होय?" तो म्हणाला.

टायरवाला माणूस शेजारच्या गावातून यायला चार तास लागले. त्या चार तासांत मार्लिस पंपाच्या संडासात जाऊन रडली, तोंड धुतलं आणि सगळ्यांना दालचिनीचे रोल वाढले. मुलींनी पंपावरच्या कुत्र्याशी मैत्री केली. डेनिस म्हणाली, "परत जाऊ या का?" मार्लिसने पुढच्या डोंगरांकडचा रस्ता आणि मागचा रस्ता, दोन्हीकडे बघितलं. "मागेही तेवढाच वारा आहे," ती म्हणाली.

ते ब्लॅक हिल्सला एक दिवस उशिरा पोचले. पाच दिवस राहिले. मार्लिस म्हणते तिला डोंगर फारसे आठवत नाहीत, चाकं आठवतात. रोज सकाळ-संध्याकाळ ती व्हर्लिनच्या मागून गाडीभोवती फिरायची. तो हात लावील तिथे हात लावायची, त्याच्या हाताला काय कळतं ते आपल्या हाताला कळतंय का बघायची. थंड चाक, जरा कोमट चाक, उन्हाच्या बाजूचं चाक: या तिन्हींतला फरक तिला शेवटच्या दिवशी कळायला लागला. तोवर ब्रिनला तो आधीच कळला होता.

हे तीन वर्षांपूर्वीचं. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी फक्त चाळीस मैलांवरच्या तळ्यापर्यंत. व्हर्लिन आता पुष्कळदा मला ओळखत नाही. नमस्कार मात्र नीट करतो, टोपी काढून. मार्लिसने शाळा सोडली आणि ती घरीच असते.

परवा मार्च महिन्यात मी तिच्याकडे गेले, तर टेबलावर दोन्ही वह्या उघड्या होत्या. या वर्षी तळ्यावर तरी जायचं का, हे तिचं ठरत नव्हतं. व्हर्लिन परक्या जागी रात्री उठून बाहेर गेला तर? दाराला आतून वरची कडी लावावी का? लावली आणि आग लागली तर? डेनिस म्हणते जाऊ या, मी येते. डॉक्टर म्हणतात तुम्हीच ठरवा.

"तू काय म्हणतेस?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं."

"मलाही नाही कळत," ती म्हणाली. तिने पेन्सिल घेतली, दाराच्या कडीची गोष्ट बाहेरच्या वहीत लिहायची की आतल्या, याचा थोडा वेळ विचार केला आणि दोन्हीकडे लिहिली. मग उठून व्हर्लिनला त्याचं जाकीट घालायला गेली. बाहेर ऊन होतं आणि त्याला अंगणात फेरी मारायची होती.